कासवाच्या पाठीवर टेकड्या का येतात?

कासवाचे चित्र काढायला सांगितले तर आपण काय करतो? पालथ्या वाटीसारखी पाठ काढतो, तिच्यावर चौकटी आखतो, मग पुढे डोके आणि खाली चार पाय जोडतो. चित्र बरोबरच असते. पण परदेशांत ज्यांनी जमिनीवरची कासवे काचेच्या पेटीत वाढवली, त्यांच्यापैकी अनेकांना निराळेच दृश्य दिसले. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची पाठ वाटीसारखी गुळगुळीत होती. दोन-तीन वर्षांत मात्र तिच्यावरची प्रत्येक चौकट उंच होत गेली आणि पाठीवर जणू लहान लहान टेकड्यांची रांग उभी राहिली. कासव खातपीत होते, वाढतही होते. मग बिघडले काय?

या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे खाण्यात शोधले जात होते. ते सापडले हवेत आणि पायाखालच्या मातीत. ते कसे, हे समजून घेताना आपल्या रोजच्या अनुभवातले पुष्कळसे विज्ञान पुन्हा भेटते.

कवच म्हणजे घर नव्हे, शरीर

गोगलगाईचा शंख आणि कासवाचे कवच यांत मोठा फरक आहे. कासवाचे कवच हा त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद हाडांना जोडले जाऊन पाठीची ढाल तयार होते. या हाडांवर शल्कांचे आच्छादन असते. आपली नखे, गाईची शिंगे आणि पक्ष्यांची पिसे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याचीच ही शल्के असतात. सर्वसाधारणपणे पाठीच्या मधोमध पाच शल्कांची एक ओळ असते, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठी शल्के असतात आणि कडेने लहान शल्कांची झालर असते.

कासव वाढते तेव्हा नवी शल्के येत नाहीत. असलेलेच प्रत्येक शल्क कडेने वाढते. दोन शल्कांमधल्या खाचेत नवे केराटिन तयार होते आणि जुने शल्क मधोमध तसेच राहते. म्हणून शल्कावर एकात एक अशा रेघा दिसतात. ही नवी वाढ आडवी पसरली तर पाठ गुळगुळीत राहते. ती खाली झुकत गेली तर मधला भाग वर उचलल्यासारखा दिसतो आणि टेकडी तयार होते. एकदा आलेली टेकडी पुन्हा सपाट होत नाही. पुढची वाढ तेवढी सुधारता येते. कासवाची पाठ ही अशी रोजनिशी आहे. बालपणी त्याची काळजी कशी घेतली गेली, हे त्याच्या पाठीवर आयुष्यभर वाचता येते.

पन्नास पिल्लांचा प्रयोग

या टेकड्या जास्त प्रथिने खाऊ घातल्यामुळे येतात, असा कासवे पाळणाऱ्यांचा बराच काळ समज होता. समज अगदीच वेडगळ नव्हता. पेटीतल्या कासवाला सकस खाणे मिळते, ते झपाट्याने वाढते, म्हणून पाठ बेढब होते, असे वाटणे साहजिक होते. पण साहजिक वाटणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सी. वीस्नर आणि सी. इबेन या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सल्काटा जातीची, नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली ५० पिल्ले घेतली. त्यांचे पाच गट केले आणि ती पाच महिने वाढवली. गटागटांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे हवेतील ओलावा आणि दुसरी म्हणजे खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण.

निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या गटांत हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे २४ ते ५८ टक्के किंवा सुमारे ३१ ते ७५ टक्के होती, त्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेकड्या आल्या. जिथे ती ४५ ते ९९ टक्के होती, तिथे पाठी बऱ्याच सपाट राहिल्या. प्रथिनांच्या कमी-जास्त प्रमाणाचा परिणाम झाला, पण तो किरकोळ होता. आरोपी म्हणून उभे केले होते अन्नाला, आणि मुख्य दोषी निघाली कोरडी हवा!

कोरड्या हवेत नेमके काय होते, याचा एक संभवनीय खुलासा असा आहे. खाचेतले नवे केराटिन मऊ असते. ते लवकर सुकले तर आपल्या नखासारखे ताठ होते, आणि त्याखालच्या हाडाच्या वाढीला तिरपे वळण लागते. त्याबरोबर एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कॅल्शियम कमी पडले किंवा सूर्यप्रकाशातील अतिनील किरण मिळाले नाहीत, तर हाडेच मऊ होतात आणि कवच वेडेवाकडे होते. तो वेगळा आजार आहे. ओलावा पुरेसा दिला म्हणून तो टळत नाही.

वाळवंटाच्या कडेचे कासव आणि ओल?

इथे तुम्हाला शंका येईल. सल्काटा हे आफ्रिकेतील कासव. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने जो साहेल नावाचा रखरखीत पट्टा आहे, तिथे ते राहते. बेटांवरची राक्षसी कासवे सोडली तर हेच जगातील सर्वांत मोठे भूकासव आहे. पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोंचा किंवा त्याहूनही जड असतो. असल्या कोरड्या मुलखातल्या प्राण्याला दमट हवा कशाला हवी?

परदेशातल्या अनेक पाळणाऱ्यांचीही नेमकी इथेच चूक झाली. त्यांनी नकाशात पाहिले, "वाळवंटी प्राणी" असे ठरवले, पेटीत कोरडी वाळू पसरली आणि वर तापता दिवा लावला. पण प्राणी नकाशात राहत नाही. तो कुठल्या तरी झुडपाखाली, कुठल्या तरी बिळात राहतो. सल्काटा हे बिळे खणण्यात पटाईत आहे. त्याची बिळे कित्येक मीटर लांब असतात. दुपारी बाहेर जमीन भाजून निघत असताना ते या बिळात पडून असते, आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार व दमट असते. जमिनीखालची ओल तिथे वाफेच्या रूपाने कोंडून राहते. शिवाय कासवाच्या श्वासातूनही वाफ येते. हवामान खात्याच्या नोंदींत दिसते ते साहेलचे हवामान. पिल्लू ज्या हवेत आयुष्याचे बहुतेक तास काढते, ती हवा वेगळीच असते.

पिल्लाला ओलाव्याची गरज मोठ्या कासवापेक्षा अधिक का, हे एका सोप्या गणिताने कळेल. कासवाऐवजी घन ठोकळा कल्पा. ५ सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ १५० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १२५ घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटरला १.२ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. ५० सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ १५,००० आणि घनफळ १,२५,०००. इथे गुणोत्तर झाले ०.१२. लहान ठोकळ्याला त्याच्या मानाने दहापट पृष्ठभाग आहे. पाणी पृष्ठभागातून उडते आणि साठते घनफळात. म्हणून पिल्लू लवकर सुकते. फडक्यावर घातलेला सांडगा वाळतो तेवढ्या वेळात भोपळा वाळत नाही, त्याचे एक कारण हेच.

दिवा लावला की हवा कोरडी कशी होते?

आता आणखी एक कोडे. व्हिएन्नाच्या हिवाळ्यात एखाद्याने कासवाची पेटी घरात ठेवली. बाहेर धुके आहे, बर्फ आहे, म्हणजे हवा चांगली ओली आहे. तरी पेटीतली हवा कोरडी ठणठणीत! कारण शोधण्यासाठी सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय ते पाहू.

हवा जितकी उबदार, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. एक घनमीटर जागेत ० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना १७.३ ग्रॅम, ३० अंशांना ३०.४ ग्रॅम आणि ३५ अंशांना ३९.६ ग्रॅम. हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ ही त्या तापमानाला मावणाऱ्या वाफेच्या किती टक्के आहे, त्या आकड्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

बाहेरच्या ० अंशांच्या, वाफेने पूर्ण भरलेल्या हवेची आर्द्रता १०० टक्के. तीच हवा घरात येऊन ३० अंशांपर्यंत तापली. वाफ तेवढीच, ४.८ ग्रॅम. पण आता ३०.४ ग्रॅम मावू शकतात. भागाकार करा. आर्द्रता उतरली सुमारे १६ टक्क्यांवर! घरातल्या स्वयंपाकाची आणि माणसांच्या श्वासाची वाफ तिच्यात थोडी भर घालील, पण तहान पुरी होणार नाही. अशी हवा भेटेल तिथून पाणी शोषून घेते. मातीतून घेते, पाण्याच्या ताटलीतून घेते आणि पिल्लाच्या अंगातूनही घेते. उबेसाठी लावलेला दिवा अशा रीतीने पिल्लाला सुकवतो.

हा अनुभव आपल्याला परका नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या बाजूला वाळ्याचे पडदे आणि कूलर छान गारवा देतात, कारण तिथली तापलेली कोरडी हवा पाणी भराभर शोषते. तोच कूलर मुंबईत आणला तर नुसता पंख्यासारखा फिरतो. माठातले पाणी पावसाळ्यात तितकेसे गार होत नाही, त्याचेही कारण हेच.

गादी कशाची घालावी?

हवेचा ओलावा टिकवायचा तर त्याचा साठा कुठेतरी हवा. तो साठा म्हणजे पेटीच्या तळाशी पसरलेला थर. कोंबड्यांच्या खुराड्यात जमिनीवर भुसा पसरतात त्याला आपल्याकडे गादी म्हणतात. तोच शब्द इथेही चालेल. या गादीची तीन कामे आहेत. पाणी धरून ठेवून ते हळूहळू हवेला देणे हे पहिले. पिल्लाला अंग पुरून घेता येईल असा आडोसा देणे हे दुसरे. पाय घसरू न देणे हे तिसरे. या तीन कसोट्यांवर एकेक पदार्थ पारखून पाहू.

वर्तमानपत्र किंवा फरशी: साफ करायला सोपी, पण पाणी धरत नाही आणि खणताही येत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात.

नुसती वाळू: वरून घातलेले पाणी खाली निथळून जाते. शिवाय अन्नाला चिकटलेली वाळू पोटात जाऊन आतड्यात साचू शकते.

लाकडाचा भुसा: कोरडा असेल तर तो स्वतःच ओल शोषतो. देवदारासारख्या वासाच्या लाकडातील तेले प्राण्यांच्या श्वसनमार्गाला त्रासदायक असतात.

बागेतील पोयटा माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे मिश्रण: काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. माती त्याला वजन आणि घट्टपणा देते. पिल्लाला खणता येते. मातीत खत किंवा कीटकनाशक मात्र नसावे. जगभरचे अनुभवी पाळणारे असल्या मिश्रणाला किंवा झाडाच्या सालीच्या तुकड्यांना पसंती देतात ती यामुळेच.

ओल किती असावी? यासाठी आपल्या शेतकऱ्यांजवळ एक नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, मातीच्या कणांत पाणीही असते आणि हवाही असते, ती पेरणीयोग्य स्थिती म्हणजे वाफसा. गादीला वाफसा असावा. मूठभर माती आवळली तर तिचा गोळा व्हावा, बोटांतून थेंब गळू नये आणि अंगठ्याने दाबताच गोळा फुटावा.

पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांतून ओतणे चांगले. त्यामुळे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा. वरचा भाग सतत चिंब असेल, तर पोटाकडच्या कवचाला बुरशी व जंतू लागून ते कुजू लागते. थर निदान ८-१० सेंटिमीटर जाड असावा, म्हणजे पिल्लू सबंध पुरून घेऊ शकेल. एका कोपऱ्यात मातीची कुंडी आडवी ठेवून तिच्यात ओलसर शेवाळ घातले की बिळाची उत्तम नक्कल होते. पेटीवर झाकण हवे, पण हवा खेळण्यापुरती फटही हवी.

आणखी एक सावधगिरी. ओल आणि ऊब या जोडीनेच हव्यात. उबदार दमट हवा पिल्लाला मानवते. गार दमट हवेत मात्र त्याला फुप्फुसाचा विकार जडतो. त्यासाठी पेटीच्या एका टोकाला सुमारे ३५ अंशांची उबेची जागा ठेवतात आणि दुसरे टोक त्याहून गार ठेवतात. कासवाचे रक्त परिस्थितीनुसार गरम-गार होत असल्याने कुठे बसायचे ते त्याला स्वतः निवडता आले पाहिजे. उथळ ताटलीत पिण्याचे पाणीही हवे. शरीरातले पाणी वाचवण्यासाठी भूकासवे टाकाऊ नत्र बहुतांशी यूरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात. पाणी फारच कमी पडले तर या लगद्याचे मूत्राशयात खडे होतात.

सर्वच कासवांना एकच माप लावता येत नाही, हेही विसरू नका. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांच्या कासवाला दमट जंगलाची सवय असते. भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडील हर्मन कासव कोरडा उन्हाळा सहज काढते. प्राण्याच्या जातीचे नाव कळले की पहिला प्रश्न विचारावा: "हा दिवसाचे तास कुठे घालवतो?" त्याचा देश कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

करून पाहा

यासाठी कासवाची गरज नाही!

पहिला प्रयोग: दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीचे फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्यात बुडवा. दोन्हींवर पुठ्ठ्याने वारा घाला आणि पाच मिनिटांनी तापमान वाचा. कोरडा तापमापक ३० अंश आणि ओला २५ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ६७ टक्के. ओला २० अंश दाखवीत असेल तर सुमारे ३९ टक्के. ओला १८ अंशांवर उतरला तर सुमारे ३० टक्के. सकाळी, दुपारी आणि रात्री वाचन घेऊन तक्ता करा. मग एक मोठी कुंडी ओलसर मातीवर पालथी घालून तिच्या आतली आणि बाहेरची आर्द्रता ताडून पाहा. आत वारा घालता येणार नाही, त्यासाठी बाजारात मिळणारा लहान आर्द्रतामापक वापरा. हे तुमचे "बीळ".

दुसरा प्रयोग: तळाला छिद्रे असलेले चार सारखे डबे घ्या. त्यांत समान उंचीपर्यंत वाळू, पोयटा, काथ्याचा भुसा, आणि माती-भुसा यांचे मिश्रण भरा. प्रत्येकाचे वजन करा. पाणी घालून पूर्ण निथळू द्या आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे धरून ठेवलेले पाणी. पुढे आठ दिवस रोज वजन घेऊन आलेख काढा. डब्यांचे तोंड सारखेच का हवे, याचा विचार करा. कोणाचा आलेख कसा उतरतो ते इथे सांगत नाही. तुमच्या तराजूला विचारा.

आपल्याकडचे कासव

आपल्या देशात तारा कासव नावाचे देखणे भूकासव आहे. काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. गुजरात-राजस्थानकडे, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत ते आढळते. उन्हाळ्यात ते सकाळ-संध्याकाळच हिंडते आणि पाऊस सुरू झाला की दिवसभर चरते. गंमत म्हणजे या जातीच्या रानातल्या कासवांच्या पाठीवरही थोडेफार उंचवटे असतात. म्हणून प्रत्येक उंचवटा हा रोग मानू नये.

या चांदण्यांनीच त्याचा घात केला आहे. शोभेसाठी आणि "घरात भाग्य येते" या समजुतीपोटी त्याची चोरटी विक्री होते. २०१८ साली सिंगापूरमध्ये पकडलेली ५१ तारा कासवे कर्नाटकात परत आणावी लागली. २०१९ साली वन्य प्राण्यांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घालण्यात आले. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी पाळणे हा गुन्हा आहे. सल्काटासारख्या विदेशी जाती बाळगायच्या तरी सरकारी नोंदणीचे नियम आहेत. तेव्हा वर दिलेली माहिती वाचून कासव आणायला धावू नका.

पण एखाद्याच्या घरात खोक्यात, फरशीवर, पंख्याखाली ठेवलेले कासव तुम्हाला दिसले तर? आता तुम्हाला त्या खोक्यातली हवा मोजता येते. ते कासव ओरडत नाही, तक्रार करीत नाही. त्याची पाठ मात्र महिन्यामहिन्याने हकिकत लिहीत असते. मोठ्यांशी बोला आणि वनखात्याला कळवा. आपण होऊन ते जवळच्या रानात सोडून देऊ नका. ते रान त्याचे नसेल, आणि त्याच्या अंगचा रोग तिथल्या कासवांना लागू शकेल.

मूठभर माती, तिच्यातली ओल आणि तिच्यावरची वीतभर हवा. एवढ्यावर एका प्राण्याची पाठ सरळ राहणार की वाकडी होणार, हे ठरते. रानात हे सगळे कासवाला फुकट मिळते. पेटीत त्याची नक्कल करायला आपल्याला तापमापक, तराजू आणि पन्नास पिल्लांचा प्रयोग लागला.